इटालियन संकेतार्थी क्रियापदांचा अक्षरविभाग आणि उच्चार : प्रस्तावना

इटालियन भाषेतील ‘पार्लेरेमो’ आणि ‘पार्लेरेम्मो’ ही दोन क्रियारूपे एकमेकांपासून एका मकाराने वेगळी आहेत. पहिल्याचा अर्थ ‘आम्ही बोलू’ असा सरळ भविष्यकाळाचा, तर दुसऱ्याचा अर्थ ‘अमुक असते तर आम्ही बोललो असतो’ असा, कुठल्यातरी अटीवर टांगलेला. छापील पानावर हा फरक चटकन दिसतो; बोलताना मात्र तो मकार किती वेळ ओठांत धरला जातो आणि त्याच्या आधीचा स्वर मोकळा राहतो की आखडतो, यावरच ऐकणाऱ्याला निर्णय करावा लागतो. इटालियन शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत संकेतार्थाची रूपावळ आणि तिचे उपयोग सविस्तर दिलेले असतात, आणि अक्षरविभाग हा ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा एवढ्यापुरता छापखान्याचा विषय समजून परिशिष्टात घातलेला असतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी, की संकेतार्थाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, कारण त्याची निम्मी रूपे भविष्यकाळाच्या इतकी जवळ आहेत की अक्षर कुठे संपते हे कानाला कळल्याखेरीज क्रियापदाचा अर्थच कळत नाही.

येथे ‘अक्षर’ हा शब्द छंदशास्त्रातल्या अर्थाने, म्हणजे एका स्वराभोवती जमलेल्या आणि एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासाठी वापरला आहे. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या एकेका चिन्हगटाला, तो वेगळा आहे हे ध्यानात राहावे म्हणून, ‘लेखी अक्षर’ म्हटले आहे. स्वरावर संपणाऱ्या अक्षराला मुक्त आणि व्यंजनावर संपणाऱ्या अक्षराला बद्ध अशी नावे दिली आहेत. शब्द उच्चारताना ज्या अक्षरावर जोर पडतो त्या जोराला आघात, आणि एकच व्यंजन लांबवून, आधीच्या व पुढच्या अशा दोन्ही अक्षरांत वाटून उच्चारण्याला द्वित्त म्हटले आहे. ‘संकेतार्थ’ ही संज्ञा मराठी व्याकरणातलीच आहे आणि इटालियनमधील ‘कोन्दित्स्योनाले’ या अर्थाला ती पुष्कळ अंशी जुळते. परंतु मराठीत ‘तू आला असतास तर मी गेलो असतो’ अशा वाक्याच्या दोन्ही भागांत संकेतार्थ येतो, तर इटालियनमध्ये तो फक्त ‘तर’च्या भागात येतो आणि ‘जर’च्या भागात कोंजुन्तीवो नावाचा निराळा अर्थ वापरावा लागतो. याशिवाय विनंती सौम्य करण्यासाठी, भूतकाळातून पाहिलेले भविष्य सांगण्यासाठी, आणि वर्तमानपत्रांत एखादी बातमी अजून खात्रीची नाही हे सुचवण्यासाठीही इटालियन माणूस याच अर्थाचा आधार घेतो. शेवटचा उपयोग विशेष जबाबदारीचा आहे, कारण तेथे क्रियापदाचा एक प्रत्यय आरोप आणि वस्तुस्थिती यांच्यातील अंतर राखत असतो.

लॅटिनमध्ये संकेतार्थासाठी स्वतंत्र रूप नव्हते. उत्तरकालीन बोलीभाषेत क्रियापदाच्या मूळ रूपापुढे ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापद जोडण्याची चाल पडली आणि त्यातून रोमान्स भाषांचा नवा भविष्यकाळ जन्मला. फ्रेडेगार याच्या नावावर असलेल्या ७व्या शतकातील लॅटिन इतिवृत्तात ‘दारास’, म्हणजे ‘तू देशील’, हे अशा जोडणीचे एक फार जुने रूप आढळते. संकेतार्थ याच वाटेने तयार झाला, फक्त जोडलेले साहाय्यक क्रियापद वर्तमानकाळी नसून भूतकाळी होते. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांनी त्याचा अपूर्ण भूतकाळ निवडला. फ्लॉरेन्सच्या बोलीने पूर्ण भूतकाळ निवडला, ज्याची आजची इटालियन रूपे ‘एब्बी, आवेस्ती, एब्बे, आवेम्मो, आवेस्ते, एब्बेरो’ अशी आहेत. यांतील ‘आव’ हा प्रारंभ गळाला, उरलेला भाग क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटला, आणि ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘पार्लारे’पासून ‘पार्लेरेइ, पार्लेरेस्ती, पार्लेरेब्बे, पार्लेरेम्मो, पार्लेरेस्ते, पार्लेरेब्बेरो’ ही सहा रूपे सिद्ध झाली. संकेतार्थातील दुहेरी बकार, दुहेरी मकार आणि ‘स्त’ ही जोडी कुठून आली याचे उत्तर या इतिहासात आहे: त्या सगळ्या एका जुन्या, स्वतंत्र क्रियापदाच्या खुणा आहेत, आणि म्हणूनच आघातही नेहमी त्यांच्याच स्वरावर पडतो.

इटलीत संकेतार्थाचे हे एकच रूप नव्हते. १३व्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबाराभोवती जमलेल्या सिसिलीच्या कवींनी ‘ईया’ हा प्रत्यय वापरला, आणि तो त्यांच्यापासून तस्कनी कवितेत येऊन ‘सारीया’, ‘वोर्रीया’ अशा रूपांनी १९व्या शतकातील ऑपेरांच्या संहितांपर्यंत टिकून राहिला. नेपल्सच्या बोलीत तो आजही जिवंत आहे. लॅटिनच्या आणखी जुन्या काळरूपातून आलेले ‘फोरा’ हे तिसरे रूपही दान्तेच्या काव्यात भेटते. १५व्या शतकात तस्कनी भाषेचे पहिले व्याकरण लिहिणाऱ्या लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने हा अर्थ लॅटिनमध्ये नाही हे ओळखून त्याला वेगळे नाव दिले. पुढे पिएत्रो बेम्बोच्या १५२५ सालच्या ग्रंथाने १४व्या शतकातील फ्लोरेन्तिन लेखकांची भाषा लेखनाचा आदर्श म्हणून स्थिर केली, तेव्हा ‘एइ’, ‘एब्बे’ हे प्रत्यय प्रमाण ठरले आणि बाकीचे कवितेच्या किंवा बोलीच्या वाट्याला गेले. ‘पार्लारे’ला प्रत्यय लागताना ‘ला’चा ‘ले’ होतो, हीदेखील फ्लॉरेन्सचीच खूण आहे: आघात नसलेल्या ‘आर’चा तेथे ‘एर’ होत असे, ज्यामुळे ‘मार्गारीता’ हे नावसुद्धा ‘मार्गेरीता’ झाले. शेजारच्या सिएना शहराने तो ‘आर’ सोडला नाही, पण प्रमाण भाषेने सिएनाचे ऐकले नाही. ‘दारे’, ‘फारे’ आणि ‘स्तारे’ या छोट्या क्रियापदांचा आकार मात्र ‘दारेइ’, ‘फारेइ’, ‘स्तारेइ’ यांत शाबूत राहिला.

आता अक्षरविभागाकडे वळता येईल. ‘पार्लेरेइ’चे विभाग पार-ले-रेइ असे तीन आहेत, ‘पार्लेरेब्बे’चे पार-ले-रेब-बे असे चार, ‘पार्लेरेम्मो’चे पार-ले-रेम-मो असे चार, आणि ‘पार्लेरेब्बेरो’चे पार-ले-रेब-बे-रो असे पाच. आघात प्रत्येक वेळी ‘र’पासून सुरू होणाऱ्या त्याच अक्षरावर असतो. त्यामुळे पहिल्या रूपात तो शब्दाच्या अगदी शेवटच्या अक्षरावर, मधल्या चार रूपांत उपान्त्य अक्षरावर आणि शेवटच्या रूपात शेवटून तिसऱ्या अक्षरावर आलेला दिसतो. आघात हललेला नसतो, त्याच्यामागची शेपूट लांबलेली असते. इटालियन लेखनात आघाताचे चिन्ह शब्दाच्या अंत्य स्वरावर आघात असेल तेव्हाच लिहिणे सक्तीचे असल्यामुळे ‘पार्लेरेब्बेरो’ वाचताना नवख्या वाचकाचा जोर ‘बे’वर पडतो, आणि ही चूक वर्षानुवर्षे टिकते. वास्तविक संकेतार्थ या बाबतीत शिकणाऱ्यावर कृपाच करतो. वर्तमानकाळात कुठल्या क्रियापदाचा आघात कुठे पडेल हे एकेक शब्द पाठ करूनच कळते, उदाहरणार्थ ‘राहतो’ या अर्थाच्या ‘आबितो’त तो पहिल्या अक्षरावर असून ‘आबितानो’ या अनेकवचनात तो शेवटून चौथा होतो. तेच क्रियापद ‘आबितेरेइ’, ‘आबितेरेब्बेरो’ असे संकेतार्थात आले की सर्व संदेह मिटतो.

अक्षर मुक्त असणे आणि बद्ध असणे यांतला फरक इटालियनमध्ये स्वराच्या लांबीत ऐकू येतो, आणि हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. आघात पडलेले अक्षर मुक्त असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर त्याचा स्वर लांबतो. ते बद्ध असेल तर स्वर आखूड राहतो. ‘पार्लेरेमो’त रे-मो असा विभाग पडतो, ‘रे’ मुक्त असल्यामुळे त्यातील एकार लांब होतो आणि मकार हलका, क्षणभराचा असतो. ‘पार्लेरेम्मो’त रेम-मो असा विभाग पडतो, एकार आखडतो आणि ओठ मिटलेले असतानाच आवाज थोडा थांबून पुढच्या ‘मो’त उतरतो. म्हणजे भविष्य आणि संकेत यांतला फरक एका ध्वनीत साठवलेला नसून दोन लगतच्या ध्वनींच्या लांबीच्या अदलाबदलीत आहे: एकात स्वर लांब आणि व्यंजन आखूड, दुसऱ्यात स्वर आखूड आणि व्यंजन लांब. केवळ मकार लांबवण्याचा प्रयत्न करणारा विद्यार्थी आधीचा एकारही सवयीने लांबच ठेवतो, आणि मग इटालियन कानाला हे ‘पार्लेरेमो’ की ‘पार्लेरेम्मो’ असा प्रश्न पडतो. आधी स्वर आवरावा, म्हणजे व्यंजन आपोआप लांबते.

मराठी भाषकाला द्वित्त नवे नाही. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील फरक तो सहज करतो आणि ऐकतो, त्यामुळे इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला जे द्वित्त मुद्दाम कमवावे लागते ते त्याच्या जिभेवर आधीच आहे. अडचण आहे ती एकाराची. संस्कृत आणि मराठी वृत्तशास्त्रात ए हा स्वर नेहमीच गुरू मानला जातो, देवनागरीत त्याला ऱ्हस्व चिन्ह नाही, आणि मराठीभाषकाच्या कानाने एकाराचे लांब-आखूडपण अर्थासाठी कधी वापरलेले नाही. ‘पार्लेरेमो’ आणि ‘पार्लेरेम्मो’ ही देवनागरीत लिहिली की मकाराचा भेद उमटतो, एकाराचा उमटत नाही. लिपीने जे झाकले ते कानाने उघडे करावे लागते, आणि त्यासाठी ही जोडी मोठ्याने, एकापाठोपाठ एक, पुष्कळदा म्हणण्यावाचून उपाय नाही.

‘पार्लेरेस्ती’ आणि ‘पार्लेरेस्ते’ यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक विचार करायला लावणारा आहे. इटालियन शाळांत शिकवला जाणारा नियम असा, की सकारानंतर दुसरे व्यंजन आले तर दोन्ही पुढच्या अक्षरात घालावीत. त्यानुसार ओळ संपताना हा शब्द पार-ले-रे-स्ती असा तोडला जातो. परंतु बोलण्यात असा विभाग खरोखर होतो का, हे तपासले तर उत्तर नकारार्थी येते. ‘रे’ मुक्त असता तर त्यातील स्वर लांबायला हवा होता, पण तो आखूडच राहतो, जसा ‘पास्ता’ या सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दातला पहिला आकार इटालियन उच्चारात आखूड असतो आणि ‘घर’ या अर्थाच्या ‘कासा’तला लांब असतो. नामाआधी येणाऱ्या उपपदाची साक्षही अशीच आहे: साध्या व्यंजनापूर्वी ‘इल’ येते, परंतु ‘स्तुदेन्ते’सारख्या शब्दापूर्वी स्वरान्त ‘लो’ लागते, कारण सकाराला टेकण्यासाठी मागे स्वर हवा असतो. म्हणून कागदावरचा विभाग रे-स्ती आणि मुखातला विभाग रेस-ती, असे दोन विभाग मान्य करणे भाग आहे, आणि उच्चार शिकणाऱ्याने दुसराच प्रमाण मानावा.

लेखन आणि उच्चार यांच्यातील ही फारकत मराठी वाचकाला चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही, कारण देवनागरी रोज तेच करते. ‘पत्ता’ या शब्दाची लेखी अक्षरे ‘प’ आणि ‘त्ता’ अशी आहेत, पण उच्चार पत्-ता असा होतो. छंदशास्त्राने हे फार पूर्वी ओळखून जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर गुरू मोजावे असा नियम केला, आणि वेदपठणाचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्य ग्रंथांनी जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागच्या स्वराचे अंग मानावे की पुढच्या, याची बारकाईने चर्चा केली. बद्ध आणि मुक्त अक्षर ही कल्पना समजावण्यासाठी युरोपीय पुस्तकांना पानेच्या पाने खर्च करावी लागतात; लघू-गुरूची मोजणी शाळेत केलेल्या वाचकाला ती अर्ध्या वाक्यात कळते. हे साधन मराठी विद्यार्थ्याच्या हाती असूनही युरोपीय भाषा बहुधा इंग्रजीच्या मार्फत शिकल्या जात असल्यामुळे ते वापरले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या साधनाची मर्यादा मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. इटालियनमध्ये स्पर्श व्यंजन किंवा फ, व यांच्यानंतर ‘र’ किंवा ‘ल’ आला तर ती जोडी फुटत नाही आणि अख्खी पुढच्या अक्षरात जाते. येथे लेखन आणि उच्चार यांचे एकमत आहे. ‘शकणे’ या अर्थाच्या ‘पोतेरे’चे संकेतार्थी रूप पो-त्रेइ असे विभागते, तसेच ‘आवेरे’चे आ-व्रेइ, ‘दोवेरे’चे दो-व्रेइ, ‘वेदेरे’चे वे-द्रेइ, ‘सापेरे’चे सा-प्रेइ आणि ‘आन्दारे’चे आन-द्रेइ. मराठी जीभ मात्र ‘पत्र’ हा शब्द पत्-त्र असा, तकार दुणावून उच्चारते, आणि त्याच सवयीने ‘पोत्रेइ’चे ‘पोत्त्रेइ’ करते, जे इटालियनमध्ये चूक आहे. यावर उपायही मराठीतच सापडतो. ‘दुसऱ्या’ किंवा ‘तुझ्या’ या शब्दांत जोडाक्षर असूनही त्याचा भार मागच्या अक्षरावर पडत नाही आणि ते अक्षर लघूच राहते, हे मराठी वृत्तरचनेने मान्य केले आहे. ‘दुसऱ्या’तला ‘स’ जितका निर्भार, तितकाच ‘पोत्रेइ’तला ‘पो’ निर्भार ठेवला, की उच्चार साधतो.

वर दिलेली ‘पोत्रेइ’, ‘आव्रेइ’ ही रूपे मूळच्या अधिक लांब रूपांतला आघातहीन स्वर गळून आखडली आहेत. जेथे स्वर गळल्यावर लकार किंवा नकार थेट रकाराला भिडला, तेथे तो रकारातच विरघळला आणि ‘र्र’ असे द्वित्त उरले: ‘इच्छिणे’ या अर्थाच्या ‘वोलेरे’चे ‘वोर्रेइ’, ‘येणे’ या अर्थाच्या ‘वेनीरे’चे ‘वेर्रेइ’, ‘तेनेरे’चे ‘तेर्रेइ’, ‘रिमानेरे’चे ‘रिमार्रेइ’. यांचे विभाग वोर-रेइ, वेर-रेइ असे होतात, आणि रकार जिभेच्या टोकाने दोन-तीनदा फडफडवत लांबवावा लागतो. मिसळीच्या ‘तर्री’त मराठी माणूस तो बिनचूक उच्चारतो. हे द्वित्त भविष्यकाळातही असते, त्यामुळे अर्थ वेगळा करण्याचे काम ते करत नाही, तरीही ‘वोर्रेइ’ हा परदेशी माणसाच्या तोंडी सर्वांत आधी येणारा संकेतार्थ असल्यामुळे तो नीट उच्चारला जावा हे बरे. उपाहारगृहात काही मागताना ‘मला हवे आहे’ असे थेट म्हणण्याऐवजी ‘मला हवे होते’ असे मराठीत म्हणावे, तसा तो शब्द वापरला जातो.

‘वोर्रेइ’च्या शेवटचा ‘एइ’ हा संयुक्त स्वर आहे, म्हणजे दोन स्वर एकाच अक्षरात नांदतात, जोर पहिल्यावर असतो आणि दुसरा त्याच्या आधाराने घसरत संपतो. त्याची मराठी ‘ऐ’शी गल्लत करू नये, कारण ‘ऐ’चा प्रारंभ अकारासारखा असतो आणि तो भविष्यकाळाच्या ‘आइ’ या प्रत्ययाकडे झुकतो. ‘सारेइ’ म्हणजे ‘मी असतो’ आणि ‘साराइ’ म्हणजे ‘तू असशील’, तेव्हा एवढ्याशा चुकीने अर्थ आणि पुरुष दोन्ही एकदम बदलतात. छंदात या ‘एइ’चे वागणे आणखी निराळे आहे. ओळीच्या मध्ये तो एक अक्षर मोजला जातो, पण ओळीच्या शेवटी आला तर दोन. इटालियन काव्याच्या एन्देकासिल्लाबो या मुख्य छंदात शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर पडून त्यानंतर बहुधा एक अक्षर उरते. ओळ ‘वोर्रेइ’वर संपली तर ‘रे’ दहावे आणि ‘इ’ अकरावे ठरते. मोझार्टच्या १७८७ सालच्या ‘दोन जोव्हानी’ या ऑपेरातील प्रसिद्ध युगुलगीतात झेर्लिनाच्या पहिल्याच ओळीत हे रूप दोनदा येते, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी, आणि लोरेन्त्सो दा पोन्ते याच्या संहितेतील ती ओळ मोजून पाहणाऱ्याला एकच शब्द दोन वेगळ्या मापांनी भरलेला आढळतो.

एकाराच्या गुणाविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रमाण इटालियनमध्ये आघातयुक्त ए दोन प्रकारचा आहे, तोंड अधिक उघडून उच्चारलेला विवृत आणि कमी उघडून उच्चारलेला संवृत. संकेतार्थात ‘एइ’, ‘एब्बे’ आणि ‘एब्बेरो’ यांत तो विवृत, तर ‘एस्ती’, ‘एम्मो’ आणि ‘एस्ते’ यांत संवृत असतो, म्हणजे ज्या साहाय्यक क्रियापदातून हे प्रत्यय आले त्याचीच वाटणी येथे कायम आहे. इटालियन आकाशवाणीच्या पुढाकाराने मिल्योरीनी, ताल्याविनी आणि फिओरेल्ली यांनी केलेल्या, १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या उच्चारकोशाने हीच वाटणी प्रमाण मानली आहे. विवृत एकार दाखवण्यासाठी ‘रॅब्बे’ असे लिहिण्याचा मोह टाळावा, कारण तो स्वर मराठी ए आणि ‘बॅट’मधला ॲ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. तस्कनीबाहेरचे कोट्यवधी इटालियन ही वाटणी पाळत नाहीत आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही, म्हणून शिकणाऱ्याने द्वित्त आणि आघात पक्के होईपर्यंत या फरकाच्या मागे लागू नये.

लेखनातील काही युक्त्या उच्चार जपण्यासाठी आहेत. ‘शोधणे’ या अर्थाच्या ‘चेर्कारे’चे रूप ‘चेर्केरेइ’ असे होते आणि ककार टिकावा म्हणून लेखनात एक मूक हकार येतो; उलट ‘मान्जारे’चे रूप ‘मान्जेरेइ’ होताना, जकार दाखवण्यापुरता असलेला मूळचा इकार निरुपयोगी होऊन गळतो. ‘सोन्येरेइ’, म्हणजे ‘मी स्वप्न पाहिले असते’ अशा संकेतार्थी रूपात, तालव्य अनुनासिक कागदावर पुढच्या अक्षरात लिहिले जाते, पण स्वरांमध्ये आल्यावर ते नेहमी लांब उच्चारले जात असल्याने मुखात ते दोन्ही अक्षरांत वाटलेले असते. ‘लाशेरेइ’तला शकारही असाच. मराठीचे एक भाग्य येथे नोंदवले पाहिजे: ‘चहा’तला तालव्य आणि ‘चमचा’तला दंततालव्य असे दोन्ही चकार तिच्यात असल्यामुळे ‘प्याचेरेब्बे’तला पहिला आणि ‘आल्त्सेरेइ’तला दुसरा हे इटालियन ध्वनी मराठी माणसाला नव्याने शिकावे लागत नाहीत. इटालियन त आणि द हेही मराठीप्रमाणेच दंत्य आहेत, प, त, क यांना महाप्राणाचा स्पर्श नाही. ‘पार्लेरेस्टी’ असा मूर्धन्य उच्चार ऐकू आला तर तो इंग्रजीच्या मध्यस्थीचा परिणाम समजावा. शब्दान्तीचा इकार मराठी लेखननियमाप्रमाणे येथे दीर्घ लिहिला असला, तरी उच्चारात तो आखूड आहे, पण अस्पष्ट कदापि नाही, कारण ‘पार्लेरेस्ती’ म्हणजे ‘तू’ आणि ‘पार्लेरेस्ते’ म्हणजे ‘तुम्ही’ हा भेद त्या एका अंत्य स्वरावर उभा आहे.

शब्दांच्या सांध्यावरही संकेतार्थ भविष्यकाळापासून वेगळा वागतो. मध्य आणि दक्षिण इटलीत अंत्य आघाताच्या शब्दानंतर पुढच्या शब्दाचे पहिले व्यंजन दुणावते, त्यामुळे ‘वेर्रा प्रेस्तो’, म्हणजे ‘तो लवकर येईल’, हे ‘वेर्राप्प्रेस्तो’ असे ऐकू येते. ‘वेर्रेइ प्रेस्तो’त मात्र शेवटी जोर नसलेला इकार असल्यामुळे असे होत नाही. ‘असू शकेल’ या अर्थी ‘पोत्रेब्बे’ आणि ‘एस्सेरे’ एकत्र आले की पहिल्याचा अंत्य एकार गळून पो-त्रेब-बेस-से-रे अशी सलग साखळी बनते, आणि दोन शब्दांमधली सीमा अक्षराच्या पोटात जाते.

प्रमाण उच्चाराचे हे सर्व नियम सांगताना इटलीत प्रत्यक्ष काय ऐकू येईल याची कल्पना देणे आवश्यक आहे. उत्तरेत, विशेषतः व्हेनेतो प्रांतात, द्वित्ते सैल असतात, आणि भविष्य व संकेत यांची गफलत टाळण्यासाठीच की काय, तेथील लोकव्यवहारात ‘वोर्रेम्मो’ऐवजी ‘वोर्रेस्सिमो’ असे अप्रमाण रूप रुजले आहे. रोमची बोली दुहेरी रकार एकेरी करून ‘वोरेइ’ म्हणते. फ्लॉरेन्समध्ये स्वरांमधला चकार मवाळ होऊन ‘प्याचेरेब्बे’चे ‘प्याशेरेब्बे’ ऐकू येते. या फरकांना दोष म्हणण्याचे कारण नाही, परंतु परक्या शिकाऊने त्यांचे अनुकरण करू नये, कारण इटालियन माणूस चुकलेले द्वित्त संदर्भाने भरून काढतो आणि परक्याला तो संदर्भ अजून हाताशी नसतो.

फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ साली भारतात आला, कोचीन आणि गोवे येथे राहिला व १५८८ साली गोव्यात वारला. त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन यांच्या संख्यावाचक शब्दांतील साम्य नोंदवले होते. प्रमाण इटालियनचा पाया असलेली बोली बोलणाऱ्या एका माणसाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बसून केलेली ही तुलना शब्दांपुरती राहिली. अक्षरांच्या घडणीची तुलना मराठी वाचकाला आज स्वतः करता येण्याजोगी आहे.

भविष्य आणि संकेत यांतला भेद हाच या विषयाचा गाभा असल्यामुळे पुढील विवेचनाचा क्रम रूढ रूपावळीप्रमाणे प्रथमपुरुषी एकवचनापासून न धरता प्रथमपुरुषी अनेकवचनापासून धरला आहे. वाचकाने प्रत्येक क्रियापदाची ‘एमो’ आणि ‘एम्मो’ ही जोडी आधी मोठ्याने म्हणावी, मग ‘एते’ आणि ‘एस्ते’ची, आणि शक्य असेल तेव्हा समोर दुसऱ्या कुणाला बसवून, आपण कोणते रूप म्हटले हे त्याला ओळखायला सांगावे. समोरच्याला दहांतून दहा वेळा ते ओळखता येऊ लागले, म्हणजे बाकीच्या रूपांकडे जाण्यास हरकत नाही.